कशावरून मॅडमची बातमी

माझ्या नणंदेला सगळी शाळा ‘कशावरून मॅडम’ म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे; पण तिला ते ठाऊक होतं आणि आतून आवडायचंही. एखादं पोरगं वर्गात उशिरा आलं आणि म्हणालं, मॅडम, बस चुकली, की ही हातातला खडू तसाच धरून विचारणार, “कशावरून?” मग त्याने काहीतरी पुरावा द्यायचा, नाहीतर सरळ कबूल करायचं की झोपलो होतो. कबूल केलं की ही खूश. शिक्षाबिक्षा काही नाही. “बघ, खरं सांगायला एकच वाक्य लागलं,” एवढंच म्हणायची आणि फळ्याकडे वळायची.

घरीही तीच तऱ्हा. कॉलेजात असताना एकाने तिला गाठून सांगितलं होतं, तुझ्याशिवाय मी जगू शकत नाही. हिने काय म्हणावं? “कशावरून?” तो बिचारा अजून जगतोय. दोन पोरांचा बाप आहे, पोट सुटलंय, माझ्या दुकानात कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला येतो. तो गेला की ही मला म्हणायची, “बघा वहिनी, माझी शंका रास्त होती की नाही?” आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

माझं झेरॉक्सचं दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे. दोन मशीनं, एक लॅमिनेशनचं, वह्या-पेनं, आणि दिवसभर ‘काकू, लवकर द्या ना’ करणारी पोरं. नवरा गेल्यापासून दुकान मीच चालवते. नवरा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तो गेल्यावर लोकांना वाटलं, या दोघी आता वेगळ्या होणार. आम्ही झालो नाही. भांडतो मात्र भरपूर. माझं तोंड फाटकं आहे, ते मला माहीत आहे, कुणी सांगायला नको. चिडले की मी तिला ‘वन्सं’ म्हणते, एरवी अगं-तुगं. मी ‘वन्सं’ म्हटलं की ती ओळखते, आज काही खरं नाही.

शिकवायची ती भाषा, पण पुस्तकातून कमीच. धडा उरकायचा आणि मग स्वतःचं कपाट उघडायचं. त्या कपाटात काय नव्हतं! एका खोक्यात नुसते मथळे कापून ठेवलेले, दुसऱ्यात त्यांच्या बातम्या. पोरांनी जोड्या लावायच्या आणि मग वाद घालायचा, की मथळा बातमीला धरून आहे की उगाच बोंब मारतोय. एका पाकिटात एकच अपघात तिघांनी सांगितलेला: ट्रकवाल्याने, जखमी मुलाच्या आईने आणि विमा कंपनीने. खोटं कोण बोलतंय ते वर्गाने शोधायचं. तास संपेपर्यंत डोकं खाजवून कळायचं की खोटं कुणीच बोलत नाहीये, प्रत्येकाने आपल्याला नको तेवढं गाळलंय. एक फोटो होता, पुठ्ठ्याच्या पट्टीने अर्धा झाकलेला. अर्धा बघितला तर माणूस बाईवर हात उगारतोय. पट्टी काढली की दिसतं, तो फळीवरून पडणारा डबा झेलतोय. तो फोटो मीच लॅमिनेट करून दिला होता, आणि पट्टी काढायच्या आधी त्या माणसाला एक सणसणीत शिवीही हासडली होती.

लिहायला शिकवताना तर ती पोरांचा जीव खायची. ‘भयंकर’, ‘थरारक’, ‘हृदयद्रावक’ हे शब्द तिच्या वर्गात बंद. “काय झालं ते लिही. भयंकर वाटायचं की नाही ते वाचणारा बघून घेईल.” पोरं कुरकुरायची, पण पुढे कुठे कुठे नोकरीला लागलेली पोरं गावी आली की दुकानात डोकावायची, “मॅडम आहेत का?” म्हणून विचारायची. तिचा पगार काही फार नव्हता. हेच तिचं धन होतं.

आता त्या बातमीचं सांगते.

दरवर्षी नववीच्या वर्गाला ती एक खोटी बातमी द्यायची. स्वतः लिहायची, पेपरातल्यासारख्या रकान्यांत बसवायची, जाड मथळा द्यायची. आत मुद्दाम चुका ठेवायच्या: पेपरचं नाव नाही, तारीख नाही, गाव नाही, मथळ्यात मुलीचं वय एक आणि खाली दुसरंच, आणि सगळं ‘एका प्रत्यक्षदर्शीने सांगितले’. पोरांनी त्या शोधायच्या. वर ठसठशीत शिक्का असायचा: सरावासाठी, बातमी खोटी आहे.

त्या वर्षी ती कच्चा कागद घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, “वहिनी, पाठपोट काढा. पुढे बातमी, मागे प्रश्न. आणि शिक्का मागच्या बाजूला.”

मी म्हटलं, “मागे का? वर मार की नेहमीसारखा.”

“वर शिक्का दिसला की सगळे हुशार होतात हो. बाहेर कुणी शिक्का मारून खोटं विकतं का? एकदा तरी फसू देत. मग पान उलटतील तेव्हा कळेल, आपण कुठे कुठे माना डोलावल्या ते.”

“वन्सं, कागद आहे तो. वर्गातून बाहेर पडला की त्याला पाय फुटतात.”

“पाठपोट आहे ना! बातमी जिथे जाईल तिथे शिक्का बरोबर जाणारच.”

हे तिचं म्हणणं मला त्या वेळी बिनतोड वाटलं, हे खरं. कागदाची एक बाजू दुसरीला सोडून कशी जाणार?

बातमी होती मुलं पळवणाऱ्याची. सायकलवर चाक बसवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा माणूस शाळांच्या आसपास उभा राहतो, ठिणग्या बघायला मुलं जमली की त्यांना गोळ्या देतो आणि एखादीला घेऊन पसार होतो. एक मुलगी त्याच्या हातून जखमी होऊन थोडक्यात वाचली. आधी तिने व्हॅनवाला लिहिला होता. तो खोडला, कारण शाळेत रोज व्हॅनवाले येतात, उगाच कुणाकडे बोट जायला नको. मग दूधवाला लिहिला, तोही खोडला. शेवटी धारवाला पसंत केला. “धारवाले आता राहिलेत कुठे? सुरी बोथट झाली की लोक नवी आणतात. भीती ओळखीची हवी वहिनी, पण माणूस नसलेला हवा. म्हणजे कुणालाच त्रास नाही.” एवढा विचार केला होता हो तिने. कुणालाही त्रास होऊ नये म्हणून शोधून शोधून तिने तो माणूस काढला.

तास रंगला. सबंध वर्ग फसला. एकाने तर सांगितलं, मॅडम, हा माणूस मी बघितलाय! मग तिने सांगितलं, पान उलटा. पोरांनी कपाळावर हात मारले, एकमेकांना चिडवलं. आणि तिने घरचा अभ्यास दिला: घरातल्या एका मोठ्या माणसाला पुढची बाजू वाचायला द्या, त्यांना काय खटकतं ते विचारा, मग पान उलटून दाखवा, आणि काय झालं ते लिहून आणा. दुपारी दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा इतका फुलला होता की मी तिला म्हटलं, “लॉटरी लागली का गं?”

एका मुलीच्या मावशीने वाचता वाचता पुढच्या बाजूचा फोटो काढला. पोरगी पान उलटतेय तोवर मावशीने तो चार ग्रुपवर टाकलाही होता. पोरीने सांगितलं, अगं मावशी, हे खोटं आहे, आमचा अभ्यास आहे. मावशी काय म्हणाली असेल? “असू दे गं. सावध राहिलेलं काय वाईट?” हे त्या पोरीने वहीत जसंच्या तसं लिहून आणलं होतं. लिहायला शिकवलंच होतं ना तिला तसं.

पण ती वही तपासायच्या आधीच बातमी माझ्याकडे पोचली. एक गृहस्थ मोबाइल पुढे करून म्हणाले, “याची मोठी प्रिंट काढा, बिल्डिंगच्या फाटकावर लावायची आहे.” मी बघितलं. तेच रकाने, तोच मथळा. मी म्हटलं, “अहो, हे खोटं आहे. शाळेतला सराव आहे. मागच्या बाजूला लिहिलंय तसं.” त्यांनी मोबाइल उलटा करून दाखवला, खरंच उलटा केला, आणि म्हणाले, “कुठे लिहिलंय?” मी प्रिंट काढून दिली नाही. ते पुढच्या दुकानात गेले. झेरॉक्सची दुकानं काही थोडी नाहीत.

मी तिला फोन करून बोलावून घेतलं. ती तडक मुख्याध्यापकांकडे गेली. सगळ्यांना कळवते म्हणाली, की ही बातमी मी लिहिलीय. मुख्याध्यापक माणूस वाईट नाही, पण शेपूट घालणारा. “खोटी आहे एवढंच लिहा. कुणी लिहिली ते नको. शाळेचं नाव येईल, पालक अंगावर येतील. दोन दिवसांत विझतं हे सगळं.” आणि माझी ही कशावरून मॅडम, आयुष्यभर सगळ्यांना कशावरून विचारणारी, त्या दिवशी गप्प बसली. ‘धारवाल्याची बातमी खोटी आहे, पुढे पाठवू नये’ एवढंच लिहून तिने सगळीकडे टाकलं. कुणी सांगितलं, कुठून कळलं, काही नाही. संध्याकाळी माझ्यासमोर बसून म्हणाली, “वहिनी, असा मेसेज माझ्या वर्गातल्या पोराने आणला असता तर मी त्याला शून्य दिलं असतं.” मी म्हटलं, “मग लिही ना नाव!” ती म्हणाली, “उद्या परत बोलते त्यांच्याशी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला.

धारवाले राहिलेत कुठे, तर एक राहिला होता. शेजारच्या गावात राहायचा, तिथलं काम संपलं की कधीतरी इकडे यायचा. घरोघरी त्याला कुणी बोलवत नाही, हे तिचं खरंच होतं. पण शिंप्यांच्या कात्र्या होत्या, न्हाव्यांची दुकानं होती. चौकातल्या शिंप्याने त्याला आवाज दिला आणि तो सायकल स्टँडवर लावून त्याच्या कात्र्यांना धार लावत बसला. शाळा चालू होत्या. आसपास एकही पोर नव्हतं.

मला आधी ओरडा ऐकू आला. मी मशीन तसंच चालू ठेवून शटर अर्धं ओढलं आणि पळाले. पोचेपर्यंत माणसांची भिंत झाली होती. शिंपी बाहेरून ओरडत होता, “अहो, माझं काम करतोय तो! माझ्या कात्र्या आहेत!” त्याला कुणीतरी ढकलून दिलं. मी घुसायला बघितलं तर एका बाईचं कोपर माझ्या तोंडावर बसलं. रोज माझ्याकडे येणारी बाई. हातातली भाजीची पिशवी तिने नीट बाजूला ठेवली, मग पायातली चप्पल काढली आणि आत गेली. दोन-तीन जण मोबाइल वर धरून उभे होते. तो माणूस दिसतच नव्हता. फक्त मधूनमधून एक हात वर यायचा, थांबा म्हणून. मग तोही यायचा बंद झाला.

आणि ती? ती तेव्हा सातवीला निबंध शिकवत होती. चौकातून गलका येत होता, पोरं खिडकीकडे बघायला लागली, तेव्हा म्हणाली, “खिडक्या लावून घ्या रे, लक्ष जातंय.” पोरांनी खिडक्या लावल्या. हे तिने मला त्यानंतर किती वेळा सांगितलंय! बाकी काही सांगताना तिचा आवाज हलत नाही. खिडक्यांपाशी आला की हलतो.

पोलिसांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डोक्याला मार, उजवा हात मोडलेला. पण केस कुणावर? त्याच्यावर! मारणारे शंभर, नाव एकाचंही नाही. चौघांनी लिहून दिलं होतं की तो एका मुलीला ओढून नेत होता, आम्ही सोडवली. मुलगी कोण, कुठे गेली, कुणाला माहीत नाही. पण शुद्धीवर आला की त्याला दवाखान्यातून थेट कोठडीत नेणार, हे ठरलेलं. त्याच्या खाटेशी स्टुलावर पोलीस बसला होता.

त्या दिवशी मी तिला गप्प राहा म्हटलं. खोटं कशाला सांगू? नोकरी गेली असती, वर तिच्यावरच केस झाली असती. म्हटलं, “वकील बघू, मग बोल.” ती चपला घालत होती. म्हणाली, “मी पोरांना रोज सांगते, पहिल्यांदा कुणी सांगितलं तिथवर मागे जा. सगळे मागे मागे गेले तर शेवटी माझ्यापाशीच येणार आहेत ना? मग मीच पुढे जाते. काल गेले असते तर…” मी शटर लावलं आणि तिच्याबरोबर निघाले.

इन्स्पेक्टरने शांतपणे ऐकून घेतलं. कागद पुढून मागून बघितला. म्हणाला, “मॅडम, तुमचं म्हणणं लिहून घेतो. पण बातमी खोटी म्हणजे माणूस निर्दोष, असं होत नाही. या चौघांनी डोळ्यांनी बघितलंय म्हणतात. ते मागे हटले तर बघू.”

मग शाळेच्या हॉलमध्ये पालकांची सभा झाली. मुलांच्या सुरक्षेसाठी म्हणून पालकांनीच मागितली होती. हॉल खचाखच भरलेला, मुलंही कडेने उभी. मुख्याध्यापक फाटकावर दोन माणसं ठेवतो वगैरे सांगत होते, तेवढ्यात ही उठली. हातात तो कागद. पुढची बाजू दाखवली, मागची दाखवली. “ही बातमी मी लिहिली. माझ्या मनाने लिहिली. असा माणूस नव्हता, अशी मुलगी नव्हती. ज्याला तुम्ही मारलंत त्याने काहीही केलेलं नाही. ज्यांनी लिहून दिलंय त्यांनी कृपा करून मागे घ्या.” एकही शब्द जास्त नाही. मी मागे उभी होते, माझे डोळे भरून आले. वाटलं, संपलं, आता कळेल सगळ्यांना.

कुणीतरी हसलं. मग एकजण उभा राहिला. “कशावरून?”

हॉलमध्ये खसखस पिकली.

“कशावरून तुम्हीच लिहिली?” तो म्हणाला. “नंतर छापला नसेल कशावरून हा कागद? समोर वहिनींचं झेरॉक्सचं दुकान आहेच की.” सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, काय काय बोलले आठवत नाही, पण त्या गदारोळात माझंच मला ऐकू आलं नाही. दुसरा म्हणाला, पोलिसांना प्रकरण दाबायचंय, मॅडमना पुढे केलंय. तिसरी म्हणाली, आम्ही काय वेडे म्हणून मारलं का त्याला? तिथेच सगळं होतं बघा. बातमी खोटी निघाली असती तर हॉलमधली अर्धी माणसं काय ठरली असती? ते कोण कबूल करणार?

ती मुलांकडे वळली. “नववीतल्यांनो, तुम्ही सांगा. तुम्हाला वर्गात दिला होता ना हा कागद? पान उलटलं होतं ना?”

पोरं आईबापांकडे बघायला लागली. एक मुलगी, वर्गात पहिली येणारी, हळूच म्हणाली, “मॅडम, वर्गातली बातमी तुमची होती. पण तसा खरा माणूस नसेलच, हे कशावरून?” ती मुलगी उद्धटपणे नाही बोलली. तिला खरंच शंका होती. जशी विचारायला शिकवली होती तशीच तिने विचारली होती. माझी नणंद खाली बसली. पुढची सगळी सभा ती त्या कागदाची घडी घालत आणि उलगडत बसली.

धारवाल्यावरची केस पुढे टिकली नाही. कुणाला पटलं म्हणून नाही. चौघांपैकी कुणालाच त्या मुलीचा पत्ता सांगता येईना, म्हणून. ज्यांनी मारलं त्यांचं काही झालं नाही. शाळेने तिला आधी निलंबित केलं, मग काढून टाकलं. कपाट रिकामं करून खोकी माझ्या दुकानाच्या पायरीवर आणून टाकली. आता ती मशीनवर माझ्या शेजारी उभी असते. पोरं झेरॉक्सला येतात, तिला बघून आवाज खाली करतात. एकदा एक आई पोराला दंडाला धरून म्हणाली, चल, दुसरीकडे काढू. मी त्या बाईला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तो दवाखान्यातून घरी गेल्याचं कळलं तेव्हा आम्ही त्याच्या गावी गेलो. एक खोली, पुढे मोरी, आत खाटेवर तो. त्याची बायको जिने पुसायची कामं करते. ती दारातच उभी राहिली. नणंदेने सांगितलं, “ती बातमी मी लिहिली होती.” त्या बाईने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि फाडकन तिच्या कानाखाली वाजवली. मी पुढे झाले तर नणंदेने मला हाताने अडवलं. बाई म्हणाली, “मला काय सांगतेस? मला माहीतच होतं माझा माणूस कसा आहे. त्याला सांग. आत ये आणि त्याला सांग.”

आत गेल्यावर कळलं, ती असं का म्हणाली. त्याचा उजवा हात कोपरापासून वळतच नव्हता, चाक फिरवणं संपलं होतं. पण त्याहून वाईट वेगळंच होतं. डोक्याला मार बसल्यापासून त्याला तो दिवस आठवत नव्हता. शिंपी आठवत नव्हता, कात्र्या आठवत नव्हत्या. शुद्धीवर आल्यावर स्टुलावरच्या पोलिसाने त्याला ती बातमी वाचून दाखवली होती, आणि तेवढीच त्याला आठवत होती. त्याने आमच्याकडे बघितलं आणि हात जोडायला गेला. एकच हात वर आला. “ताई, माझ्या हातून कसं झालं ते कळत नाही,” तो म्हणाला. “मी कधी पोरांना हात लावला नाही. पण त्या दिवशी लावला असणार.”

तिने त्याला सगळं सांगितलं. सावकाश, पहिल्यापासून. वर्ग, सराव, शिक्का, मागची बाजू, आणि आदल्या दिवशी आपण नाव लिहिलं नाही तेही. त्याने समजूतदारपणे मान हलवली. “तुमचं मन चांगलं आहे म्हणून म्हणताय. पण छापून आलं होतं ना. आणि एवढी माणसं उगीच कशाला मारतील? ओळखीपाळखीची सुद्धा नव्हती.”

ती दर आठवड्याला जायला लागली. प्रत्येक वेळी तेच सांगायची. एकदा त्या शिंप्याला घेऊन गेली, त्यानेही सांगितलं. त्या दिवशी पटल्यासारखं वाटायचं, पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. उलट वाईटच झालं. अशी मुलगीच नव्हती, हे ती जितकं ठासून सांगायची तितका तो घाबरायचा. बायकोला म्हणायला लागला, ही बाई लपवतेय काहीतरी. ती पोर गेली असणार, म्हणूनच नव्हती म्हणतात. मग जेवायचा नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा.

परवा मीही तिच्याबरोबर गेले होते. तो खूपच खंगलाय. बायको म्हणाली, कालपासून पाण्याचा घोट नाही. नणंद त्याच्या खाटेशी बसली. त्याने डोळे उघडले, तिचा हात धरला आणि विचारलं, “ताई, खरं सांगा. ती पोरगी बरी आहे ना?”

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती पुन्हा वर्गापासून सुरुवात करणार. त्याची बायको दारात पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती.

“बरी आहे,” ती म्हणाली.

“लागलं होतं ना तिला?”

“थोडंसं. बरं झालं ते.”

“शाळेत जाते?”

“जाते. तिसरीत आहे. मी परवाच बघितलं तिला.”

“माझ्यावर राग आहे का तिचा?”

“नाही. विसरली ती.”

त्याचा चेहरा सैल पडला. डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर आलं. बायकोने पेला पुढे केला तर सगळं पाणी प्यायला. थोड्या वेळाने झोपला, आणि बायको म्हणाली, इतक्या महिन्यांत असा झोपला नव्हता.

आम्ही बाहेर आलो. बसथांब्यावर येऊन उभ्या राहिलो. बस समोर दिसायला लागली तेव्हा तिने माझी बाही धरली.

“वहिनी,” ती म्हणाली, “पुढच्या खेपेला त्याने तिचं नाव विचारलं तर?”

मी म्हटलं, “तेव्हाचं तेव्हा बघू. चल, बस आली.”